पहिल्या कुदळीपूर्वीची परवानगी

इमारत, रस्ता अथवा कारखाना उभा राहू लागला म्हणजे त्याविषयी चार माणसे बोलू लागतात. त्याच्या उंचीविषयी, त्याने अडविलेल्या उजेडाविषयी तक्रारी होतात, वृत्तपत्रांकडे पत्रे येतात, प्रसंगी न्यायालयाकडेही धाव घेतली जाते. परंतु त्या बांधकामाच्या कित्येक महिने आधी, जेव्हा तेथे पत्र्याचे कुंपण आणि एक पोकलेन यांपलीकडे काही नसते, जेव्हा उताराची जमीन सपाट केली जात असते, झाडोरा उपटला जात असतो, वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकाच हायव्यात भरून कोठेतरी रवाना होत असतो आणि एखादा ओढा, जो उन्हाळ्यात कोरडा असल्यामुळे ओढा म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही, मुकाट्याने बुजविला जात असतो, तेव्हा त्या कामाची दखल सहसा कोणी घेत नाही. भूमीचे जे नुकसान व्हावयाचे ते मात्र बहुतांशी याच काळात होऊन गेलेले असते. पुरी झालेली इमारत बेकायदा ठरली तर ती पाडता येते आणि तशी ती पाडल्याची उदाहरणेही आपल्या राज्यात आहेत. परंतु तोडलेली टेकडी कोणत्याही हुकमाने पूर्ववत करता येत नाही. यास्तव भूमीच्या हिताचा विचार पायाच्या आधी, सपाटीकरणाच्याही आधी, पहिली कुदळ पडण्यापूर्वी व्हावयास हवा. आणि आपल्याकडील परवान्यांची व्यवस्था तो विचार दुय्यम मानून निघालेल्या मालाची मोजदाद करण्यात गुंतलेली आहे, हे या लेखातील माझे म्हणणे आहे.

ही व्यवस्था महसुलाच्या दृष्टीतून जन्माला आली, हे तिच्या इतिहासावरूनच दिसते. जमीन कोणाच्याही नावे असो, तिच्या पृष्ठावरील आणि पोटातील खनिजांवर सामान्यतः राज्याचा हक्क आहे, हे तत्त्व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या 48 व्या कलमात ग्रथित झालेले आहे. गौण खनिजांच्या उत्खननासाठी मुंबई राज्यात 1955 साली नियम झाले आणि त्यांची जागा पुढे 2013 च्या महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियमांनी घेतली. दगड आणि मुरूम तर या वर्गात होतेच. परंतु बंधारे, रस्ते, लोहमार्ग आणि इमारती यांच्या कामी भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी लागणारी साधी मातीसुद्धा केंद्र सरकारच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेने गौण खनिज ठरली. तेव्हापासून बांधकामासाठी जमीन खणणारा प्रत्येक इसम तहसील कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने अर्जासोबत सातबारा, नकाशा आणि किती ब्रास माल निघेल याचा अंदाज द्यावयाचा, कचेरीने तलाठी व मंडळ अधिकारी यांचा अहवाल मागवावयाचा, स्वामित्वधनाचे म्हणजे बोलीभाषेतील रॉयल्टीचे चलन भरून घ्यावयाचे आणि अल्पमुदतीचा परवाना व वाहतुकीचे पास द्यावयाचे, असा हा क्रम आहे. हल्ली पास संगणकावरून निघतात आणि खाणीची मोजणी यंत्राने होते. परंतु मुळातील दृष्टी जुन्या दफ्तरातलीच राहिली आहे.

ब्रास म्हणजे 100 घनफूट. मुरूम-दगडासाठी 2021 च्या जुलैपासून ब्रासमागे 600 रुपये असा दर आहे. एक एकर क्षेत्र दहा फूट खोल खणले तर 4,356 ब्रास माल निघतो आणि त्यावर 26 लाख 13 हजार 600 रुपये स्वामित्वधन होते. हा हिशेब अचूक असतो, त्याची रुजुवात होते, त्यात कमीजास्त आढळल्यास पंचनामा होतो, नोटीस निघते, वाहने जप्त होतात आणि विनापरवाना उत्खननासाठी मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार कायद्याने तहसीलदाराच्या हाती दिलेला आहे. राज्याने आपला हक्क वसूल करावा यात गैर काही नाही. त्या पैशातून रस्तेही होतात आणि शाळाही. परंतु त्याच एक एकरावर आषाढातील एका दिवशी 100 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे चार लाख लिटर पाणी तेथून वाट शोधू लागते, आणि झाडोरा गेलेल्या, वरची माती खरवडलेल्या, यंत्राच्या साखळ्यांनी दाबून घट्ट झालेल्या जमिनीवरून ते पूर्वीपेक्षा अधिक वेगाने आणि अधिक गाळ घेऊन खाली येते. हा दुसरा हिशेब त्या चलनात नसतो. पाण्याने कोठून जावे, हे ज्याने सांगावयाचे तो रकानाच रिकामा राहिला तर शासनाच्या तिजोरीत पडलेला प्रत्येक रुपया कायदेशीर असूनही त्या परवान्याने जनतेचे रक्षण केले, असे म्हणता येणार नाही.

याचे जे फळ पुणे जिल्ह्याने पाहिले ते विसरण्यासारखे नाही. 6 जून 2013 रोजी पावसाळ्याच्या प्रारंभीच पुणे-सातारा महामार्गावर कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगरावरून पाण्याचा लोंढा थेट रस्त्यावर आला आणि त्यात एक माता आणि तिची तान्ही मुलगी वाहून गेल्या. त्या ठिकाणी टेकडी बेकायदा फोडून सपाट करण्यात आली होती आणि पाण्याच्या नैसर्गिक मार्गात भराव पडला होता. पाऊस काही कधी न पडलेला असा नव्हता; पाण्याची जुनी वाट बंद झाल्यामुळे त्याने महामार्ग ही नवी वाट धरली. त्यानंतर चौकश्या झाल्या, गुन्हे नोंदले गेले, जिल्ह्यातील टेकडीफोडीची प्रकरणे बाहेर निघाली. परंतु ज्या महिन्यांत ती टेकडी दिवसाढवळ्या, महामार्गावरून जाणाऱ्या हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर फोडली जात होती, त्या महिन्यांत ते काम थोपविणारा हात कोठून यावयास हवा होता, हा प्रश्न त्या चौकश्यांपेक्षा मोठा आहे.

वस्तुतः तो हात कायद्यात आहे. ज्या संहितेच्या 48 व्या कलमाखाली स्वामित्वधन वसूल होते, तिच्याच 20 व्या कलमाने नद्या, ओढे आणि नाले ही, कोणाचा खासगी हक्क सिद्ध नसेल तेथे, शासनाची मालमत्ता मानलेली आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा ‘ब’ म्हणून जी नोंद असते तीत रस्ते, पायवाटा आणि नाले यांखालील क्षेत्र दाखविलेले असते, गावनकाशावर ओढ्याची रेघ इंग्रजी अमदानीतील मोजणीपासून उमटलेली असते. म्हणजे ओढा बुजविणारा इसम सरकारी मिळकतीवर अतिक्रमण करीत असतो, आणि त्याला हरकत घेण्यास तहसीलदाराला पर्यावरणाच्या कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मुरुमाच्या एका हायव्यासाठी जी जप्तीची तत्परता दिसते ती एका ओढ्यासाठी दिसत नाही, याचे कारण एवढेच की मुरुमाला ब्रासमागे दर आहे आणि ओढ्याला तो नाही.

येथे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण त्याचा संबंध पुण्याशीच आहे. इमारतीच्या पायासाठी खणलेल्या मातीवरही महसूल खात्याने स्वामित्वधन आणि दंड यांची मागणी केली तेव्हा पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने ती आव्हानित केली आणि 3 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयाने असे ठरविले की केवळ उत्खनन झाले एवढ्यावरून दायित्व येत नाही. माती कोणत्या हेतूने काढली आणि तिचे पुढे काय झाले, हे पाहिले पाहिजे, आणि पायासाठी काढलेली माती त्याच कामात पुन्हा वापरली गेली असेल तर ती अधिसूचनेच्या कक्षेत येत नाही. महसुलाच्या न्यायाने हा निर्णय रास्तच आहे. घर बांधणाऱ्याने आपल्याच पायातील माती आपल्याच अंगणात पसरली तर राज्याने तिचे मोल का मागावे? परंतु या निर्णयामुळे एक गोष्ट अधिक स्पष्टपणे दिसू लागली. महसुलाची नजर भूखंडाबाहेर जाणाऱ्या मातीवर असते, आणि पाण्याचे नुकसान पुष्कळदा भूखंडातच राहिलेल्या मातीने होते. टेकडीचा वरचा भाग कापून खालच्या भागात भराव करणे, ज्याला कामावरची माणसे ‘कटिंग-फिलिंग’ म्हणतात, त्यात एक ब्रासही माल बाहेर जात नाही, एकही पास लागत नाही, आणि तरीही संबंध उताराचा स्वभाव पालटून जातो. ज्या कृत्याला रॉयल्टी नाही त्याला जणू परवानगीही नको, असा जो समज तालुक्यातालुक्यांतून पसरला आहे तो या निर्णयाचा अर्थ नव्हे. न्यायालयापुढे प्रश्न पैशाचा होता; ओढा बुजविण्याची मुभा न्यायालयाने कोणास दिली नव्हती.

पर्यावरणाच्या कायद्याने मात्र ही गोष्ट फार पूर्वी आणि फार नेमक्या शब्दांत ओळखली होती. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत असे म्हटले आहे की ज्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी आवश्यक आहे त्यांनी ती मिळण्यापूर्वी कोणतेही बांधकाम किंवा जमीन तयार करण्याचे काम सुरू करू नये. अपवाद फक्त जमीन कुंपणाने सुरक्षित करण्यापुरता. जमीन तयार करणे हेच एक काम आहे आणि तेही मंजुरीनंतरचे, ही जाणीव त्या वाक्यात आहे आणि ती मला अत्यंत मोलाची वाटते. परंतु हा नियम लागू होतो तो 20,000 चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना, किंवा 50 हेक्टरांच्या वसाहतींना. मुळशी, मावळ, भोर या तालुक्यांतून वा कोकणातील डोंगरउतारांवर जे लहानमोठे प्लॉटिंग चालते, जेथे बांधीव क्षेत्र म्हणावे असे आरंभी काहीच नसते, केवळ रस्ते कापले जातात आणि पायऱ्यांसारखे भूखंड पाडले जातात, त्या कामांतील बहुतेक या उंबरठ्याच्या खालीच राहतात. 20 एकरांची टेकडी अशा रीतीने कापली गेली तरी केंद्राच्या दृष्टीने तेथे प्रकल्प नसतो आणि राज्याच्या दृष्टीने तेथे, माल बाहेर गेला नसेल तर, खनिजही नसते. दोन कायद्यांच्या मधल्या या मोकळ्या पट्ट्यात आज सह्याद्रीचा उतार खरवडला जात आहे. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने 1:5 हून अधिक तीव्र उतारावर बांधकामास मनाई केली आहे हे खरे. परंतु आधी उतार कापून सपाट केला आणि मग मोजणीस बोलाविले, तर तो उतार कागदावर सौम्य झालेला असतो. म्हणून खोदण्यापूर्वीची पातळी अधिकृत नकाशावर नोंदविल्याशिवाय यंत्र उताराला लावू नये, एवढी एक अट जरी कसोशीने पाळली गेली तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

उताराविषयी बोलताना केवळ बांधकामवाल्यांकडे बोट दाखविणे अन्यायाचे होईल. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे दगावली, तेव्हा अतिवृष्टीबरोबरच डोंगरावर भातखाचरांसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा झाली. शास्त्रज्ञांत त्या कारणाविषयी एकमत नाही आणि मीही तेथील शेतकऱ्यांवर ठपका ठेवू इच्छित नाही. पडकईची पद्धत त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गावकऱ्यांनी एकत्र येऊन, हाताने दगड रचून, थोडेथोडे खाचर पाडावयाचे, अशी ती रीत होती. हाताच्या कामाला जी मर्यादा आपोआप पडत असे ती यंत्राच्या कामाला पडत नाही. चार माणसांना जे करण्यास एक ऋतू लागे ते पोकलेन एका दिवसात करतो, आणि डोंगराला सावरण्याची सवडच उरत नाही. यंत्र आले त्या क्षणी मर्यादा घालण्याचे काम निसर्गाच्या हातून शासनाच्या हाती आले. शासनाने त्याची तजवीज अद्याप पुरती केलेली नाही.

उलट प्रसंगी शासनाने स्वतःच मर्यादा उठविल्या आहेत. 2012 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी अनिवार्य केली, कारण मोठी खाण लहान तुकड्यांत विभागून कायदा चुकविण्याची रीत सर्वत्र पडली होती. आठ वर्षांनी, 28 मार्च 2020 रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, केंद्राने एक अधिसूचना काढून रस्ते, नळवाहिन्या यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साध्या मातीचे उत्खनन पूर्वमंजुरीतून वगळले. लोकांच्या हरकती मागविल्या नाहीत. किती माती, किती क्षेत्रातून, किती खोलवर काढावी याची मर्यादा सांगितली नाही. रेषीय प्रकल्प कशास म्हणावे याची व्याख्याही दिली नाही. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोबल पैकडा यांच्या याचिकेवर ही सवलत रद्द केली आणि ती मनमानी असल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. मधल्या चार वर्षांत त्या सवलतीच्या आधाराने देशभर ज्या जमिनी खरवडल्या गेल्या त्यांची भरपाई मात्र कोणत्याही निकालाने होणारी नव्हती. रस्ता ही लोकोपयोगी वस्तू आहे यात शंका नाही. परंतु रस्त्याचा भराव ज्या शेजारच्या शेतातून उचलला जातो तेथे मागे राहणारा खड्डा, त्यात साचणारे पाणी, त्यात बुडणारे पोर, हेही त्या रस्त्याच्या खर्चात धरावयास हवे.

आणि आता दंडाविषयी. काम आधी, मंजुरी मागाहून, अशी एक सवय आपल्या उद्योगविश्वाला जडली आहे. पकडले गेले तर दंड भरू, हे वाक्य मी ठेकेदारांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते कोणत्याही उद्दामपणाने नव्हे, तर सिमेंटचा वा डिझेलचा भाव सांगावा तशा सहज स्वरात उच्चारलेले होते. दंड हा खर्चाच्या अंदाजपत्रकात बसला म्हणजे तो दंड राहत नाही. पश्चात मंजुरीचा हा मार्ग मुंबईतील वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2025 रोजी बंद केला होता. पुढे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय मागे घेतला. उभ्या झालेल्या इमारती आणि त्यांत गुंतलेला जनतेचा पैसा यांचा विचार बहुमताने केला, आणि तो विचार उपेक्षणीय आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तो विचार करण्याची पाळी येते ती पहिल्या कुदळीच्या वेळी कोणी थांबविले नाही म्हणूनच. दहा मजले चढल्यावर न्यायालयापुढे जो धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहतो तो जमीन सपाट होण्यापूर्वी एका तलाठ्याच्या अहवालाने सुटू शकला असता.

मातीविषयी मला अधिक लिहावयाचे आहे, कारण पाण्याचे नुकसान निदान पुराच्या रूपाने दिसते, मातीचे दिसत नाही. बांधकामाच्या पर्यावरणीय अटींत असा दंडक आहे की इमारती आणि रस्ते ज्या जागी व्हावयाचे तेथील वरची 20 सेंटिमीटर माती आधी वेगळी काढावी, ठरावीक जागी रचून ठेवावी आणि पुढे झाडे लावताना ती परत वापरावी. ही वीतभर माती म्हणजेच त्या जमिनीचे जीवित्व. बी रुजते ते तीत, गांडुळे राहतात ती तीत, पाणी मुरते तेही तिच्यातूनच. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर ती तयार होण्यास किती पिढ्या लागल्या असतील याची कल्पनाही करवत नाही. एका एकरावर ही माती सुमारे 286 ब्रास भरते. प्रत्यक्षात काय होते? पोकलेनचा चालक वरून खाली एकाच ओढीने खणतो, काळी माती, मुरूम आणि डबर एकत्र होतात, आणि त्या मिश्रणाने कोठला तरी खड्डा किंवा, अधिक वेळा, कोठला तरी ओढा भरला जातो. मग दोन वर्षांनी त्याच वसाहतीत बाग करावयाची म्हणून कोणत्यातरी शेतकऱ्याच्या रानातून काळी माती विकत आणली जाते आणि एका ठिकाणची जखम दुसऱ्या ठिकाणी नेली जाते. ज्या राज्यात धरणांतील गाळ काढून शेतकऱ्यांच्या शेतात पसरण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना शासन चालविते, त्या राज्यात शहराच्या वेशीवरची सुपीक माती रोज भरावाच्या भावाने जाते, ही विसंगती दूर करण्यास नवा पैसा लागणार नाही. परवाना देताना वरच्या मातीचा हिशेब मुरुमापासून वेगळा मागावा, आणि ती जवळच्या शेतकऱ्याने, रोपवाटिकेने वा कुंभाराने नेली तर तिच्यावर काही घेऊ नये, एवढे केले तरी पुरे.

माणसांचाही विचार याच ठिकाणी करावयास हवा. 29 जून 2019 रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका वसाहतीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण मृत्युमुखी पडले. त्यांत बिहारहून पोटासाठी आलेली माणसे होती, मुलेही होती. भिंतीच्या पायथ्याशी उभी खोदाई, वर भिजलेली माती, खाली झोपलेली कुटुंबे, आणि मृगाचा पाऊस. हे चित्र आपल्या शहरांत दर जूनला शेकडो ठिकाणी तयार होते. खोदलेल्या खड्ड्याच्या कडा आधार देऊन सावरणे, कडेपासून राहुट्या दूर ठेवणे, पावसाळ्याच्या तोंडावर नवी खोल खोदाई सुरू न करणे, या गोष्टी कोणत्याही जाणत्या मुकादमाला सांगाव्या लागत नाहीत. परंतु परवान्याची मुदत, कर्जाचा हप्ता आणि विक्रीचे वचन यांच्या तगाद्यापुढे त्या मागे पडतात. परवान्यात कामाचा हंगाम लिहिलेला असावा आणि डोंगरउतारावरील उत्खनन जूनच्या आरंभापासून सप्टेंबरअखेर तहकूब राहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

यावर व्यावसायिकांकडून जे उत्तर येईल ते मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. महसुलाचा परवाना तहसील कचेरीत, वृक्षतोडीची अनुमती वृक्ष प्राधिकरणाकडे, स्थापनेची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, पर्यावरणाची मंजुरी राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे, राडारोडा टाकण्याची जागा महापालिकेकडे. आणि प्रत्येक कचेरीने दुसऱ्या कचेरीच्या दाखल्यावाचून अर्ज पुढे सरकू द्यावयाचा नाही. जो सरळ मार्गाने जातो त्याची वर्षे या दारोदारीत जातात, आणि जो रात्री चोरून मुरुमाचा हायवा चालवितो त्याची इमारत आधी उभी राहते. प्रामाणिक माणसाला कायदा महाग आणि अप्रामाणिकाला स्वस्त पडावा, अशी ही स्थिती आहे व ती पालटणे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु तिच्यावर उपाय म्हणून सर्व शिक्के एकाच खिडकीवर झटपट मारून द्यावेत, अशी जी मागणी होते ती मला मान्य नाही. शिक्के कमी व्हावेत, पाहणी वाढावी. उतार, ओढे, झाडे, खोदाईची खोली, मातीची जागा आणि पाण्याचा नवा मार्ग दाखविणारा एकच नकाशा सर्व कचेऱ्यांनी मानावा. काम सुरू होण्यापूर्वी महसूल, नगररचना आणि पर्यावरण यांच्या प्रतिनिधींनी एकाच दिवशी जागेवर जाऊन त्याची रुजुवात करावी. आणि ती पाहणी ठरलेल्या मुदतीत झाली नाही तर कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडून खुलासा मागावा. पाण्याचा मार्ग आधी बांधून काढावा आणि मगच डोंगराला हात लावावा, हा क्रम परवान्याच्या पहिल्याच अटीत यावा. मुंबई महापालिकेने 2023 च्या ऑक्टोबरात धुळीसाठी कुंपणाच्या उंचीपासून वाहनांची चाके धुण्यापर्यंतच्या अटी घालून दिल्या, तेव्हा मनात आणले तर नगरपालिका किती तपशिलात शिरू शकते हे दिसून आले होते. जी काळजी हवेची घेतली ती उताराची आणि ओढ्याची घेण्यास कोणती आडकाठी आहे?

नागरिकांच्या हातीही काही साधने आहेत आणि ती वापरली जात नाहीत, याचे मला दुःख आहे. पर्यावरणाची मंजुरी मिळाल्याची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतील एकात तरी प्रादेशिक भाषेत, देणे प्रकल्पधारकावर बंधनकारक असते. मंजुरीतील अटी पाळल्या की नाही याचा सहामाही अहवाल त्याने 1 जून आणि 1 डिसेंबर या तारखांना सादर करावयाचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. कोणीही ते मागू शकतो. तलाठ्याकडील गावनकाशा कोणीही पाहू शकतो. आपल्या शेजारी पत्रे लागले, पोकलेन आला, म्हणजे परवाना क्रमांक, मंजूर ब्रास, मुदत आणि ओढ्याचा मार्ग दाखविणारा फलक कोठे आहे, हे विचारण्यास संकोच करू नये. तो नसेल तर साध्या कागदावर तहसीलदारांकडे अर्ज द्यावा, जागेचे छायाचित्र जोडावे, आणि अर्जाची पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये. ग्रामसभांनी आपल्या शिवारातील प्रत्येक ओढ्याची, नाल्याची आणि पोटखराबा ‘ब’ची यादी ठरावाने मंजूर करून घ्यावी, म्हणजे उद्या तेथे नाला नव्हताच, असे कोणास म्हणता येणार नाही. आणि महसूल खात्याला माझी विनंती आहे की पुढील पावसाळ्यापूर्वी त्याने सर्व जिल्हाधिकाऱ्यांना एकच परिपत्रक पाठवावे: ज्या अर्जात पाण्याची वाट दाखविलेली नाही, त्यावर उत्खननाचा परवाना देऊ नये, मग स्वामित्वधनाची रक्कम कितीही मोठी असो.